सांकेतिक संदेश : सापडलेले आणि सापडवलेले

गुप्त संदेश, न वाचल्या गेलेल्या लिप्या, जुन्या ग्रंथांत दडवून ठेवलेली भविष्ये या विषयांवरची पुस्तके ग्रंथालयाच्या कपाटात फार काळ पडून राहत नाहीत. शाळेच्या ग्रंथालयातूनही आठवी-नववीची मुले ती हातोहात नेतात. यात वाईट काही नाही. कोडे सोडवण्याची ओढ ही विज्ञानाकडे जाणारी चांगली वाट आहे. अडचण आहे ती निराळीच. या एकाच फळीवर दोन अगदी भिन्न जातींची पुस्तके खांद्याला खांदा लावून उभी असतात. एकीकडे जॉन चॅडविक यांचे ‘द डिसायफरमेंट ऑफ लिनिअर बी’ (१९५८), दुसरीकडे मायकेल ड्रॉस्निन यांचे ‘द बायबल कोड’ (१९९७). दोन्हींत तक्ते आहेत, चौकटी आहेत, न कळणाऱ्या अक्षरांच्या रांगा आहेत आणि ‘सापडले!’ असा क्षणही आहे. मग पहिल्यातले सापडणे खरे आणि दुसऱ्यातले खोटे, हे विद्यार्थ्याला कसे सांगायचे?

‘लेखक किंवा संशोधक तज्ज्ञ आहे का ते पाहा’ हे उत्तर इथे कामाला येत नाही. लिनिअर बी ही लिपी वाचणारा मायकेल व्हेंट्रिस व्यवसायाने वास्तुरचनाकार होता. उलट ‘बायबल कोड’च्या मुळाशी ज्यांचे काम आहे ते एलियाहू रिप्स हे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले नाणावलेले गणिती होते. तेव्हा माणूस बाजूला ठेवून त्याची रीत तपासायला हवी.

उड्या मारत वाचणे

बायबल कोडची रीत सोपी आहे. हिब्रू बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांची सगळी अक्षरे मधल्या जागा काढून टाकून एका लांबलचक ओळीत मांडायची. ही अक्षरे ३,०४,८०५ भरतात. आता कोणत्याही अक्षरापासून सुरुवात करा आणि ठरावीक उडी मारत पुढे किंवा मागे जा. दर दहावे, दर शंभरावे, दर पाच हजारावे अक्षर घ्या आणि एखादा शब्द तयार होतो का ते पाहा.

मराठीत एक नमुना करून पाहू. ‘काकू मग लगेच निघाल्या’ हे साधे वाक्य घ्या आणि काना-मात्रा-वेलांट्या काढून नुसती व्यंजने लिहा : क क म ग ल ग च न घ ल य. पहिले, तिसरे आणि पाचवे अक्षर घेतले की झाले ‘कमल’! किंवा कोमल. किंवा कमाल. हिब्रू लिखाणातही बहुतेक स्वर गाळलेले असतात, म्हणून अशी मुभा तिथे भरपूर मिळते. र आणि म एवढी दोनच अक्षरे हाती आली, तर त्यांचा राम, रमा, रोम, रीमा यांपैकी काय वाटेल ते होऊ शकते.

ड्रॉस्निन यांच्या पुस्तकातले सर्वांत गाजलेले उदाहरण इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांचे. ४,७७२ अक्षरांच्या उडीने त्यांचे पूर्ण नाव सापडते. प्रत्येक ओळीत ४,७७२ अक्षरे अशा साधारण ६४ ओळी मांडल्या की हे नाव उभ्या रेषेत दिसू लागते, आणि त्याला छेदून जाणाऱ्या आडव्या ओळीत मारेकऱ्याने मारण्याविषयीचे शब्द येतात. आपण १९९४ साली राबिन यांना पत्राने सावध केले होते, असे ड्रॉस्निन यांनी लिहिले आहे. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी राबिन यांची हत्या झाली. इतके वाचल्यावर कोणाच्याही अंगावर काटा येईल.

काटा येऊ द्यावा आणि मग कागद-पेन्सिल घ्यावी.

हिब्रूत अक्षरे २२. ‘राबिन’ हे आडनाव चार अक्षरी आहे. चार अक्षरी शब्दासाठी तीन उड्या लागतात, म्हणून एक उडी जास्तीत जास्त ३,०४,८०५ भागिले ३, म्हणजे सुमारे १,०१,६०० अक्षरांची असू शकते. लहान उडीसाठी सुरुवातीच्या जागा तीन लाखांच्या आसपास मिळतात. उडी मोठी होत जाईल तशा त्या घटत शून्यावर येतात. म्हणजे सरासरी सुमारे १,५२,४०० जागा. या दोन संख्यांचा गुणाकार केला आणि उलट दिशेच्या वाचनासाठी तो दुप्पट केला, की सुमारे ३,१०० कोटी चार-अक्षरी मालिका होतात. सगळी अक्षरे सारख्याच प्रमाणात येतात असे तूर्त मानले, तर चार अक्षरांचे एकूण प्रकार २२ चा चौथा घात, म्हणजे २,३४,२५६. भागाकार करा. कोणताही चार अक्षरी शब्द सरासरी सुमारे १,३२,००० वेळा सापडणार! सहा अक्षरी शब्दासाठी हीच संख्या सुमारे १६४ येते.

राबिन यांचे पूर्ण नाव आठ अक्षरी आहे. त्यासाठी मालिका सुमारे १,३२७ कोटी आणि अक्षरांचे प्रकार सुमारे ५,४८८ कोटी. म्हणजे सरासरी पाव वेळा. अक्षरांचे खरे प्रमाण धरले तर ही संख्या आणखी कमी होते, कारण त्या नावातली काही अक्षरे हिब्रूत विरळ आहेत. पण ती नगण्य होत नाही. आणि शोधणाऱ्याने फक्त हेच एक नाव शोधले होते का? पूर्ण नाव सापडले नसते तर नुसते आडनाव चालले असते, पद चालले असते, हत्येचे वर्ष चालले असते, मारेकऱ्याचे नाव चालले असते. जगात पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष, युद्धे, भूकंप किती! अपयशी शोधांची यादी पुस्तकात छापलेली नसते, आणि संभाव्यतेचे सगळे गणित त्या न छापलेल्या यादीवर अवलंबून असते.

त्या छेदणाऱ्या ओळीचेही पाहा. बायबलमध्ये ते वाक्य उघड लिहिलेले आहे, दडवलेले नाही. ज्याच्या हातून नकळत मनुष्यहत्या झाली त्याला आश्रय मिळावा म्हणून काही नगरे राखून ठेवल्याचा तो मजकूर आहे. राबिन यांची हत्या तर ठरवून केलेली होती. ‘नकळत’ हा भाग सोडून दिला की उरलेले शब्द जमतात. याच पुस्तकात त्या सुमारास महायुद्ध आणि अणुसंहार होण्याचीही सूचना सापडली होती. ते घडले नाही, तेव्हा ‘लांबले’ अशा अर्थाचा शब्दही सापडला. पुढच्या पुस्तकात (२००२) २००६ सालाचा धोका सांगितला होता. तेही वर्ष आले आणि गेले.

टीका झाली तेव्हा ड्रॉस्निन यांनी आव्हान दिले : ‘मोबी डिक’ या कादंबरीत एखाद्या पंतप्रधानाच्या हत्येचा संदेश दाखवा, मग मी टीकाकारांचे मानीन. ऑस्ट्रेलियातील गणिती ब्रेंडन मॅकाय यांनी हर्मन मेलव्हिलची ही १८५१ सालची देवमाशाची गोष्ट संगणकात घातली आणि तीच रीत वापरून हत्यांची एक यादीच काढून दाखवली. लिंकन, ट्रॉट्स्की, मार्टिन ल्यूथर किंग आणि स्वतः राबिन त्या यादीत होते. इंदिरा गांधीही होत्या : नावाचे आद्याक्षर आणि आडनाव उडीने मिळाले, आणि त्याला छेदून जाणारे रक्तपाताचे शब्द कादंबरीच्या उघड मजकुरात होते. मेलव्हिल द्रष्टा होता असे मात्र अद्याप कोणी म्हटलेले नाही.

अधिक अवघड प्रकरण

इथवरचे सोपे होते. पण ड्रॉस्निन यांच्या आधी डोरोन विट्झटम, एलियाहू रिप्स आणि योआव्ह रोझेनबर्ग या तिघांनी ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’ या प्रतिष्ठित नियतकालिकात १९९४ साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. तो असा सहज उडवून लावण्यासारखा नव्हता. त्यांनी भविष्य सांगितले नाही. पुढे १९९७ साली रिप्स यांनी ड्रॉस्निन यांच्या पुस्तकाशी आपण सहमत नसल्याचे जाहीरही केले. या तिघांनी प्रसिद्ध यहुदी धर्मपंडितांची यादी घेतली आणि उत्पत्तीच्या ग्रंथात प्रत्येकाचे नाव व त्याच्या जन्म-मृत्यूची तिथी उडीच्या वाचनात एकमेकांजवळ येतात का, हे मोजले. मग तिथ्यांची नावांशी लाखो वेळा अदलाबदल करून तुलना केली. योगायोगाने असे घडण्याची शक्यता ०.००००२, म्हणजे पन्नास हजारांत एक निघाली. ‘वॉर अँड पीस’च्या हिब्रू भाषांतरातील तेवढ्याच लांबीच्या मजकुरात असे काही आढळले नाही. संपादकांनी हा निबंध वाचकांपुढे एक कोडे म्हणून ठेवला.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी पुढचा भाग बारकाईने वाचावा, कारण खरी शिकवण त्यातच आहे. मॅकाय, ड्रॉर बार-नातान, माया बार-हिलेल आणि गिल कलाई यांनी १९९९ साली त्याच नियतकालिकात या कोड्याचे उत्तर दिले. चूक गणितात नव्हती, संगणकातही नव्हती. मोकळीक होती ती यादीत. समजा, आपल्याला लोकमान्य टिळकांचे नाव शोधायचे आहे. शोधायचे काय? टिळक, लोकमान्य, बाळ गंगाधर, बळवंतराव, की जन्मनाव केशव? तिथी ‘१ ऑगस्ट’ लिहायची की ‘ऑगस्टची १’? प्रत्येक पर्याय तितकाच योग्य आहे. यहुदी पंडितांनाही अशीच अनेक नावे, उपनावे आणि त्यांची निरनिराळी लेखने होती. त्यांतली कोणती घ्यायची यात थोडी जरी ढिलाई राहिली, तरी निकाल कितीही प्रभावी करता येतो. मॅकाय आणि बार-नातान यांनी हे करूनच दाखवले. तितक्याच समर्थनीय नावांची एक वेगळी यादी बनवली, तर ‘वॉर अँड पीस’मध्ये तसाच जोरदार परिणाम दिसू लागला आणि उत्पत्तीच्या ग्रंथातला नाहीसा झाला. नव्या, स्वतंत्र याद्यांवरच्या प्रयोगांतही काही निघाले नाही.

कोणी लबाडी केली असे सिद्ध करण्याची इथे गरजच पडत नाही. प्रयोगाआधी निवडीचे नियम पक्के केलेले नसले, तर प्रामाणिक माणसाचा हातही आपल्याला हवे तिकडेच वळतो. औषधांच्या चाचण्या असोत की पदार्थविज्ञानाचे प्रयोग, हा धोका आम्हा सर्वांच्याच मागे असतो.

किल्ली एकच हवी

हा रोग जुना आहे. अमेरिकन राजकारणी इग्नेशियस डॉनेली यांनी १८८८ साली ‘द ग्रेट क्रिप्टोग्राम’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. शेक्सपिअरची नाटके फ्रान्सिस बेकनने लिहिली आणि तसा संदेश नाटकांतच दडवला, असा त्यांचा दावा. पानावरचे शब्द मोजून, त्यात काही संख्या मिळवून-वजा करून ते शब्द निवडत. पण या संख्या पानागणिक बदलत. त्याच वर्षी एका इंग्रज धर्मोपदेशकाने डॉनेलींच्याच संख्या वापरून ‘नाटके शेक्सपिअरनेच लिहिली’ असा संदेश काढला!

या साऱ्या प्रकारांचा निकाल विल्यम आणि एलिझेबेथ फ्रीडमन या दांपत्याने १९५७ सालच्या ‘द शेक्सपिअरियन सायफर्स एक्झामिन्ड’ या पुस्तकात लावला. या विषयावरचे एकच पुस्तक शाळेने घ्यायचे झाले तर मी हेच सुचवीन. विल्यम यांच्या गटाने १९४० साली जपानी परराष्ट्र खात्याचे ‘पर्पल’ हे गूढलेखन फोडले होते. पण या दोघांची सुरुवात झाली होती ती पहिल्या महायुद्धाच्या काळात, इलिनॉय राज्यातल्या रिव्हरबँक येथे, बेकनचे संदेश शोधणाऱ्या एलिझाबेथ वेल्स गॅलप या बाईंच्या हाताखाली. बाईंना १६२३ सालच्या छापील नाटकांत तिरप्या अक्षरांचे दोन बारीक-निराळे खिळे दिसत. इतरांना ते तसे दिसत नसत. झिजलेले खिळे, ओलसर कागदावर पसरलेली शाई यांमुळे अक्षरे दोन नव्हे तर अनेक प्रकारची दिसतात, हे फ्रीडमन यांनी पुढे तपासून मांडले.

त्यांच्या कसोट्या दोनच आहेत. उलगडलेला मजकूर त्या भाषेत अर्थपूर्ण आणि व्याकरणशुद्ध हवा. आणि किल्ली अशी हवी की ती हाती दिल्यावर दुसऱ्या कोणीही स्वतंत्रपणे तोच मजकूर काढावा. दुसरे उत्तर संभवू नये.

आपल्याकडची कटपयादी पद्धत या कसोट्यांना छान उतरते. क पासून झ पर्यंत १ ते ९, ट पासून ध पर्यंत पुन्हा १ ते ९, प पासून म पर्यंत १ ते ५, य पासून ह पर्यंत १ ते ८. ञ आणि न म्हणजे शून्य. आणि आकडे उलट क्रमाने वाचायचे. कर्नाटक संगीतातील ‘मायामालवगौळ’ या मेळाच्या नावात मा म्हणजे ५, या म्हणजे १. उलट वाचले की १५. बहात्तर मेळांच्या तक्त्यात त्याचा क्रमांक खरोखरच १५ आहे. ‘धीरशंकराभरण’ घ्या : ९ आणि २, म्हणजे २९. तेही बरोबर. हा खरा दडवलेला अर्थ आहे, आणि तो कोणी वाचला तरी बदलत नाही.

मजकूर किती लांब असला म्हणजे उत्तर एकच असल्याची खात्री धरावी? क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली याचे गणित मांडले. इंग्रजीत प्रत्येक अक्षराऐवजी दुसरे अक्षर अशी साधी अदलाबदल असेल, तर साधारण २८ अक्षरे पुरतात. त्याहून आखूड मजकुराची अर्थपूर्ण उत्तरे एकाहून अधिक निघू शकतात. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांबाबत हेच दुखणे आहे. इरावतम महादेवन यांच्या १९७७ सालच्या सूचीत ४१७ निरनिराळी चिन्हे आहेत, आणि एका लेखात सरासरी पाचच चिन्हे असतात. लेख हजारोंनी आहेत, तेव्हा एकच किल्ली सगळीकडे कटाक्षाने लावली तर तिची परीक्षा होऊ शकते. पण एका चिन्हाचे इथे एक, तिथे दुसरे मूल्य धरले की कोणतीही भाषा त्यातून निघते, आणि डझनावारी निघाल्याही आहेत. सर्वमान्य असे एकही वाचन आजवर झालेले नाही. तामिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्यामुळे नवे ‘उलगडे’ वर्तमानपत्रांत येत राहणार आणि मुले ते वर्गात घेऊन येणार.

खरे वाचन कसे असते? कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्या लक्षात आले की सांचीच्या कठड्यांवरील बहुतेक छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात. ही देणग्यांची नोंद असावी, म्हणून शेवटचा शब्द ‘दानं’ असावा, असा त्यांनी अंदाज केला. त्यातून १८३७ साली ब्राह्मीची किल्ली पुरी झाली. ती न बदलता अशोकाच्या स्तंभांना लागली, आणि कार्ले, कान्हेरी, नाणेघाट येथील आपल्या लेण्यांतल्या लेखांनाही लागली. एका ठिकाणी मिळालेली किल्ली अनोळखी कुलपे उघडू लागली, की मग शंकेला जागा उरत नाही.

व्हेंट्रिस यांच्या बाबतीत तर परीक्षा आणखी नाट्यमय झाली. लिनिअर बी ही जुनी ग्रीक भाषा आहे असे त्यांनी १९५२ साली जाहीर केले, तेव्हा अनेकांनी माना हलवल्या. ग्रीसमधील पायलॉस येथे उत्खनन करणाऱ्या कार्ल ब्लेगेन यांच्याकडे व्हेंट्रिस यांनी पूर्वी न पाहिलेली एक मातीची पाटी होती. १९५३ साली त्यांनी व्हेंट्रिसची मूल्ये तिला लावली. तिवईच्या चित्राशेजारी ‘ति-रि-पो-दे’ असे वाचता आले. चार कानांच्या भांड्याशेजारी चार हा आकडा सांगणारा शब्द, तीन कानांच्या भांड्याशेजारी तीनचा, बिनकानाच्या भांड्याशेजारी ‘कान नसलेले’. चित्रे व्हेंट्रिसने काढलेली नव्हती आणि पाटीही त्याने निवडलेली नव्हती.

वर्गात करण्याजोगे

पाठ्यपुस्तकातील दीड-दोन पाने घ्या आणि स्वर गाळून सुमारे १,००० व्यंजने चौकटींच्या कागदावर लिहा. जोडाक्षरे सुटी करायची, सुरुवातीचे स्वर सोडायचे. हे आधी फळ्यावर लिहून ठेवा आणि मग बदलू नका. मराठीत व्यंजने ३४ धरली तर तीन व्यंजनांचा कोणताही शब्द सरासरी १३ वेळा सापडायला हवा. किरण, नितीन, सुनीता यांची व्यंजने तर मराठीत अधिक वापरातली आहेत, तेव्हा ही मुले बहुधा निराश होणार नाहीत. वर्गाचा अर्धा भाग ‘सापडले’ची आणि उरलेला ‘शोधले पण सापडले नाही’ची यादी ठेवू द्या. चार व्यंजनांच्या शब्दाला सरासरी चारांत एक इतकीच संधी आहे, हेही पडताळता येईल.

दुसरा प्रयोग बेकनचाच. त्याने १६२३ साली खरोखरच एक उत्तम सांकेतिक पद्धत प्रसिद्ध केली होती. दोनच खुणा, पाच-पाचच्या गटांत. त्यामुळे २ चा पाचवा घात म्हणजे ३२ संकेत मिळतात. ङ आणि ञ वगळले तर आपली ३२ व्यंजने त्यात नेमकी बसतात. पाच मुले ओळीत उभी करा. समोर पाहणारा ही एक खूण, बाजूला पाहणारा ही दुसरी. १९१८ च्या जानेवारीत, रिव्हरबँक येथे शिकलेल्या सैनिकी अधिकाऱ्यांचे असे छायाचित्र फ्रीडमन यांनी इलिनॉयमधील ऑरोरा या गावी काढवून घेतले. ‘ज्ञान म्हणजे शक्ती’ हे बेकनचे वचन इंग्रजीत माणसांनी लिहायचे होते. अक्षरे सोळा, म्हणून माणसे ८० हवी होती. तेवढी जमली नाहीत, आणि शेवटचे अक्षर अपुरे राहिले.